हातात घर

श्रेणिक म्हणाला, काका, आधी रस्ता ओढा,
रस्त्याला चिकटल्याशिवाय घर उभंच राहत नाही.
म्हटलं, लेका, नगररचनेत एकतीस वर्षं ट्रेसर होतो,
कोल्हापुरात उलटं बघितलंय:
आधी घर, मग भांडण, मग रस्ता,
आणि रस्ता आला की ओटा गेला.

त्यानं माऊस माझ्या हातात दिला.
घर मावलं तर चौकट हिरवी.
नाही मावलं तर लाल, आणि एक बारीक टुंग.
आमच्यात एवढा टुंग काढायला
पाच टेबलं लागायची.

पहिल्या रात्री राजारामपुरी काढली.
पहिली गल्ली, दुसरी गल्ली, पट्टी लावून, सरळ चौदापर्यंत.
विहीर आठ पावलांवर, बाजार बारा,
छपराछपरावर पिवळं हसरं तोंड.
अर्ज नाही, हरकत नाही, फेरफार नाही.
अकरा वाजता मला कंटाळा आला.

दुसऱ्या रात्री मुद्दाम शिवाजी पेठ घातली.
वाकडी. बोळात बोळ, तालमीला वळसा,
दोन घरांत एक भिंत, आणि त्या भिंतीवरून अबोला.
खेळ म्हणाला, जागा वाया जाते आहे.
वाया कसली?
तिथं सांजेला म्हैस उभी राहते,
माणसं पेला घेऊन थांबतात धारेखाली,
फेस मिशीला लागेतोवर कुणाचं काय चाललंय ते कळतं.
मी मेनू सगळा उसकला, म्हैस नव्हती.
गाय होती. ‘शेती’मध्ये.
वस्तीपासून वीस चौकोन लांब ठेवा, वास येतो, असं खाली लिहिलेलं.

मग नदी आली.
या खेळात काठावरच्या घराला सुख जास्त, अधिक आठ.
काठ भरून टाका काका, कर वाढतोय.
मी बाण काठापर्यंत नेला
आणि बोट दाबेना.

या बोटांनी निळी रेषा ओढलीय, पोरा.
एकास पाच हजारचा नकाशा, रेष अर्धा मिलिमीटर.
नकाशावर काहीच नाही.
जमिनीवर अडीच मीटर.
अडीच मीटर म्हणजे मालन संकपाळांचं स्वयंपाकघर,
चुलीपासून मोरीपर्यंत.

त्या दर जूनला यायच्या, पिशवीत सातबाऱ्यासारखा जपलेला लाईट बिलाचा गठ्ठा.
साहेब, घर रेषेच्या अलीकडं की पलीकडं?
मी साहेब नव्हतो. तरी सांगायचो,
बाई, तुमचं घर रेषेत आहे.
एकदा म्हणाल्या,
मग तुमची रेष कुणाच्या जागेत आहे?
मी शाईची बाटली हलवत बसलो.
अजून उत्तर सुचलेलं नाही.

तर मी एकच घर ठेवलं काठाला.
नाव देता येतं, दिलं नाही.
खेळातलं तिसरं वर्ष लागलं, पाणी चढू लागलं,
एक एक चौकोन, घाई न करता,
पंचगंगा चढते तसंच, पायऱ्या मोजत.
घरावर लाल थेंब लुकलुकला.

श्रेणिक म्हणाला, पाडून टाका, निम्मे पैसे परत मिळतात.
निम्मे? मी विचारलं. कुणाला?
त्याला प्रश्न समजला नाही. पोरगं आहे, नववीत.
मग त्यानं दुसरं बटण दाखवलं: हलवा.
दाबलं, आणि घर मुळासकट उचललं गेलं,
बाणाला लोंबकळत,
धुराड्यातनं धूर तसाच चालू.
आत कुणीतरी भाकरी थापत असणार.

आता ठेवू कुठं?
टेकडीवर नेलं, लाल. रस्ता नाही.
बाजारामागं, लाल. जागा नाही.
माझ्या त्या सरळ राजारामपुरीत नेलं,
पहिलीपासून चौदावीपर्यंत फिरवलं गल्लोगल्ली,
टुंग. टुंग. टुंग.
पिवळी तोंडं हसतच होती.

आतून सुरेखावहिनींनी हाक मारली,
काका, जेवून जावा, पांढरा रस्सा निवतोय.
म्हटलं, वहिनी, वाढू नका अजून.
हातात घर आहे.